विषय : दुपारच्या झोपेबाबत

...आणि वर मलाच विचारतात, "काय भाऊ, एसी बसवलात म्हणे, मजा आहे बुवा." मजा आहे. नाही कोण म्हणतंय? पण कोणाची आहे, ते विचारा ना कोणीतरी. बसा, सांगतो. त्या खुर्चीवर नको, तिच्यावर दहा मिनिटांत ऊन येईल, इकडे सरका, ओटीवर, माझ्या चटईच्या कडेला. मी हल्ली इथेच असतो. सकाळी अकरा ते दुपारी चार, पत्ता हाच. एसी आत आहे आणि मी बाहेर आहे, आणि एवढ्यावरून निकाल काय लागला ते तुम्हाला कळलं असेल, पण कारकुनाचं कसं असतं, निकाल कळला तरी प्रकरण पहिल्या कागदापासून वाचून दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

तर पहिला कागद असा, की मला फक्त दुपारी जेवून तासभर पडायचं होतं.

एवढंच. आता तुम्हीच सांगा, ही काय मोठी मागणी झाली? तेहतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली. डोक्यावर पंखा होता, नव्हता असं नाही, पण तो माझ्या टेबलाच्या आणि साहेबांच्या केबिनच्या मधे असा काही लावलेला, की आवाज माझ्याकडे यायचा आणि वारा साहेबांकडे जायचा. दीडला डबा उघडायचा, त्यात मालनच्या हातचं वालाचं बिरडं आणि भात. मालन म्हणजे आमची बायको, आणि तिच्या हातचं बिरडं खाऊन जर कोणी जागा राहू शकत असेल तर त्याने डॉक्टरला दाखवावं. दोनच्या ठोक्याला झोप यायची. रोज. अख्ख्या कचेरीत वेळेवर येणारी तेवढी एकच. आणि मी काय करायचो, तिची आवक नोंदवायचो आणि तशीच परत पाठवायचो. तेहतीस वर्षं. मनाशी ठरवलेलं, एकदा निवृत्त होऊ दे, मग ही सगळी परत पाठवलेली झोप एकेक करून बोलावून घेईन.

निवृत्त झालो तीस एप्रिलला. समारंभ झाला, नारळ दिला, शाल दिली. आता तीस एप्रिलला, वसईत, जिथे माणसाला दिवसातून तीनदा बनियन बदलावा लागतो, तिथे शाल, आणि तीही लोकरीची, जाड, बदामी रंगाची... ती खांद्यावर घेऊन मी अर्धा तास भाषणं ऐकली. साहेब म्हणाले, "चंद्रहासरावांनी आयुष्यभर घाम गाळला. आता त्यांनी घरी गारव्यात निवांत पडावं." टाळ्या झाल्या. मी शालीखाली घाम गाळतच होतो, पण वाक्य मला आवडलं. म्हटलं, तेहतीस वर्षांत साहेब लोकांनी माझ्याबद्दल एक तरी शेरा बरोबर मारला.

घरी आलो. घर तुम्ही बघताच आहात, वडिलांनी बांधलेलं, पुढे ही ओटी, मधे दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि अगदी मागे, विहिरीच्या अंगाला, काळोखी खोली. म्हणजे होती. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर कौलं, कौलांखाली माळा, माळ्यावर पेंढा, जमीन शेणाने सारवलेली, आणि खिडकी म्हणाल तर वीतभर, तिच्यावर ओलं गोणपाट टांगलेलं. बाहेर माणूस भाजून निघत असला तरी आत पाऊल टाकलं की अंगावर शहारा यायचा. त्या खोलीत राहायचा मोगरा.

तुम्ही पडलात फ्लॅटमधले, तुम्हाला मोगरा गजऱ्यातच भेटतो, म्हणून समजावून सांगतो. मागच्या वाडीत मालनचा मोगरा आहे. तो जोर करतो तो नेमका उन्हाळ्यात. कळी सकाळी खुडायची, घट्ट, पांढरीशुभ्र, आणि चार वाजता नरहरीचा टेम्पो फूलबाजाराला निघेपर्यंत ती उमलता कामा नये. उमलली की संपलं. उमललेल्या मोगऱ्याला बाजारात कोणी विचारत नाही, म्हणजे निवृत्तच झाला म्हणा ना. म्हणून अकरा ते चार कळ्या काळोख्या खोलीत, टोपल्यांमधे, ओल्या फडक्याखाली. माझ्या आईपासूनची पद्धत. तिने मालनला शिकवली, मला कोणी शिकवली नाही, कारण मी त्या वेळात कचेरीत झोप परत पाठवत होतो.

निवृत्तीचा पहिला दिवस. बिरडं-भात जेवलो, चटई घेतली, आणि सरळ काळोख्या खोलीत टोपल्यांच्या मधे जाऊन आडवा झालो. काय सांगू तुम्हाला... पाठीला गार जमीन, नाकाला मोगऱ्याचा वास, कानाला विहिरीवरच्या कबुतरांचं घुमणं. तेहतीस वर्षांतली पहिली झोप. साडेतीनला डोळे उघडले तर मालन दारात, कमरेवर हात ठेवून.

"अहो, उठा. दोन टोपल्या फुलल्या."

म्हटलं, "मी काय केलं? मी हातसुद्धा लावला नाही."

"तुम्ही श्वास घेतलात."

आता यावर माणसाने काय खुलासा द्यायचा? कचेरीत माझ्यावर एकदा ठपका आला होता, पण त्यातसुद्धा श्वास घेतल्याचा मुद्दा नव्हता. म्हणाली, "अंगाची ऊब लागते त्यांना. उद्यापासून मधल्या खोलीत पडा." आणि मधल्या खोलीत काय होतं तर पत्र्याचं कपाट, जे दुपारी इस्त्रीसारखं तापायचं. त्या उन्हाळ्यात मी त्या कपाटाशेजारी पडलो. झोपलो असं म्हणत नाही, पडलो. अख्ख्या घरात पडण्यालायक जागा एकच, आणि तिच्यावर फुलांचा जुना कब्जा.

पावसाळा गेला, दिवाळी झाली, आणि घर दुरुस्तीला काढलं. आमचा मुलगा केयूर एव्हरशाईन सिटीत सातव्या मजल्यावर राहतो, बरोबर सूनबाई ऋतिका. सातव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला जमिनीवरच्या घराबद्दल फार कल्पना सुचतात. केयूर म्हणाला, "पप्पा, मागची रूम मस्त आहे, आधीच थंड आहे ती. तिलाच तुमची बेडरूम करू. फक्त जरा मॉडर्न करायची." ऋतिकाने मोबाईल काढून कळंबच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याशा कॉटेजचा फोटो दाखवला, त्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काच. "अशी खिडकी, पप्पा, वेस्टला. समुद्राची हवा थेट आत येईल." आणि मी, तुम्हाला सांगतो, मी तेहतीस वर्षं लोकांच्या अर्जांतल्या चुका काढणारा माणूस, मला या अर्जात एक चूक दिसली नाही. का दिसली नाही? कारण मला फक्त दुपारी तासभर पडायचं होतं, आणि ज्याला झोप हवी असते त्याचे डोळे मिटलेलेच असतात.

मालनला विचारलं. विचारलं बरं का, रीतसर विचारलं. ती म्हणाली, "आणि फुलं?"

म्हटलं, "ओटी आहे की. वारा आहे, सावली आहे. फुलांना अजून काय लागतं?"

ती म्हणाली, "करा."

आता तुम्ही लग्न झालेली माणसं आहात. 'करा' हा शब्द तुम्हाला माहीत आहे. त्याच्यात होकार किती आणि पुढची तारीख किती, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मला कळायला हवं होतं. पण मी 'मान्य' असं लिहून घेतलं.

कामाला आला आत्माराम. मिठागराकडच्या गावातला गवंडी, चांगला माणूस, पण बोलतो फार. काळोख्या खोलीत उभा राहिला, भिंतीला पंजा लावला, जसा बैलाच्या पाठीला लावतात तसा, आणि म्हणाला, "भाऊ, ही भित पारायची? हिच्यात गारवा हाय."

म्हटलं, "आत्माराम, तुला सांगितलंय तेवढं कर."

"करतो. आपून कोन बोलनारे? पन गारवा हाय, येवढं सांगून ठेवतो."

आणि केलं त्याने. मातीची भिंत गेली, विटांची आली, चारपट बारीक. कौलं गेली, माळा गेला, पेंढा गेला, वर स्लॅब आला. शेणाची जमीन गेली, चकचकीत लाद्या आल्या. वीतभर खिडकी गेली, आणि पश्चिमेला ही एवढी काच आली, म्हणजे समुद्राची हवा यायला वाट झाली, आणि त्याच वाटेने दुपारी बारानंतरचा अख्खा सूर्य. खोली थंड होती म्हणून आम्ही ती निवडली, आणि निवडल्यावर तिच्यातलं थंड होतं तेवढं वेचून वेचून बाहेर काढलं. शंभर टक्के काम. एकही तुकडा आत राहू दिला नाही.

मार्चमधे मी पहिल्यांदा तिथे पडलो. अहो, पापलेट. तव्यावरचं पापलेट निदान एका बाजूने तरी भाजतं, मला वरून स्लॅब आणि बाजूने काच. पंखा लावला, तर तो स्लॅबखालची गरम हवा गोळा करून माझ्या अंगावर आणून ओतू लागला, इमानदारीत, पाच नंबरवर.

आणि तिकडे ओटीवर मोगरा. वारा होता. सावली होती. दुपारी एकपर्यंत अर्ध्या टोपल्या फुललेल्या. चारला नरहरी टेम्पो घेऊन यायचा... नरहरी माझा चुलत भाऊ, त्याचीही बाजूला मोगऱ्याची वाडी आहे... तो टोपलीत हात घालायचा, मान हलवायचा, अर्धी टोपली बाजूला काढायचा. मालन ती अर्धी टोपली उचलून न्यायची. ती उमललेली फुलं घेऊन बसायची आणि गजरे करायची. त्या महिन्यात आमच्या आळीतल्या एकूणएक बाईच्या केसांत गजरा होता. शेजारच्या मर्लिनबायच्या म्हशीच्या शिंगालासुद्धा होता. बायको ओरडली असती तर बरं वाटलं असतं हो, पण ती गजरे करत बसली की मला मधल्या खोलीतल्या कपाटापेक्षा जास्त गरम व्हायचं.

मग मी काय केलं, मला जे येतं ते केलं. फाईल उघडली. पुठ्ठ्याची, नाडीची, कचेरीतली एक आठवण म्हणून आणलेली. वर लिहिलं, विषय : दुपारच्या झोपेबाबत. खाली टिप्पणी : सदर खोली गरम होत असून ती थंड कशी करावी याबाबत घरातील सर्वांनी आपले अभिप्राय द्यावेत. आणि फिरवली. केयूरने मोबाईलवर अंगठ्याचं चित्र पाठवलं. ऋतिकाने लिहिलं, "कूल आयडिया, पप्पा," पण आयडिया कुठली ते लिहिलं नाही. मालनने दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवली.

अभिप्राय आला तो जळगावहून. साडू काशीराम. त्याला कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे तो सर्वांत सविस्तर. "चंद्रहासराव, कूलर. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर. आमच्याकडे पंचेचाळीस असतं बाहेर, आत आम्ही चादर घेतो. एसी-बीसी काही नको, कूलर." इतका छातीठोक बोलला की मी घेऊन आलो. आता जळगावची हवा कोरडी, तिच्यात कूलरने पाणी सोडलं की गारवा. आमची हवा आधीच पाण्यात बुडवून काढलेली. तिच्यात कूलरने अजून पाणी सोडलं. दुपारी दोनला मी त्या खोलीत इडलीसारखा फुगलो. वर्तमानपत्र उचललं तर ते मधेच खाली वाकलं. चष्म्यावर वाफ. मालनचे पोह्याचे पापड शेजारच्या खोलीत, तरी त्यांचे रुमाल झाले. काशीरामला फोन केला तर म्हणतो, "मग तुम्ही हवा बदला." कूलरच्या टाकीत आता मालनने अळू लावलाय. फार चांगला आलाय. जाताना घेऊन जा दोन पानं.

मग मी मान खाली घालून आत्मारामकडे गेलो. म्हटलं, "बाबा, होती तशी करून देतोस का?"

तो हसला नाही, हे मला जास्त लागलं. म्हणाला, "भाऊ, पारताना मी होतो. बांधनारा आता नाय कोन. माती पायानं मलायची, पेंढा घालून कुजवायची, थर सुकला का वर थर... माझा बापूस करायचा. मला नाय येत. हवं तर स्लॅबवर झावल्या टाकून देतो, मानसाला तेवरंच बरं."

म्हणजे बघा. कौलं काढून स्लॅब घातला, आता स्लॅबवर झावळ्या घालायच्या. ऋतिका म्हणाली, "पप्पा, फोटोत कसं दिसेल?" फोटोत मी कसा दिसत होतो ते कोणी विचारलं नाही.

शेवटी एसी. दुकानातून जितेश आला माप घ्यायला, नालासोपाऱ्याचा, चलाख पोरगा, हातात टेप. आत शिरला, वर बघितलं, काचेकडे बघितलं. "काका, वरती स्लॅब? डायरेक्ट ऊन? खिडकी वेस्टला? आणि ही भिंत एवढीशीच?" मी प्रत्येकाला हो म्हणत गेलो, गुन्हा कबूल केल्यासारखा. "आधी काय होतं इकडे?" सांगितलं. त्याने मान खाली घातली, जशी कोणी गेल्यावर त्याच्या घरी भेटायला जाऊन घालतात तशी. मग म्हणाला, "तेव्हा काहीच लागलं नसतं, काका."

मालन दारात होती. चहाचा कप घेऊन.

"आता मोठाच बसवावा लागेल. रूममधे माणसं किती असणार?"

म्हटलं, "एक. मी."

"ओके, एक. एक माणूस म्हणजे शंभरचा एक बल्ब पकडायचा."

म्हटलं, "बल्ब?"

"अंगातून उष्णता निघते ना, काका. नुसता बसला तरी साधारण शंभरच्या जुन्या बल्बएवढी. जेवढी माणसं, तेवढे बल्ब. आम्हाला हिशेबात धरावं लागतं."

मालनने चहा त्याच्या हातात दिला आणि एवढंच विचारलं, "झोपला तरी?"

"झोपला तरी चालूच राहतो, काकू. थोडा डिम होतो."

मी हसलो. तिथे मी हसलो, तुम्हाला सांगतो. पोराचं कौतुक वाटलं मला. आणि हिने तो बल्ब त्याच क्षणी उचलून पदराला बांधून ठेवला, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

एसी बसला. अक्षय तृतीयेच्या आसपास. पहिला दिवस... काय सांगू. बिरडं-भात जेवलो, पडदा ओढला, चोविसावर लावला, पलंगावर पडलो. दहा मिनिटांत थंडी वाजायला लागली. मे महिना, वसई, दुपारचे दोन, आणि मला थंडी. मी उठलो, कपाटातून निवृत्तीची ती शाल काढली, डांबराच्या गोळीचा वास झटकला आणि अंगावर ओढली. साहेबांचं भाषण आठवलं. डोळे पाणावले म्हणा ना. म्हटलं, सरकार उशिरा देतं, पण देतं. दोन तास झोपलो. मला फक्त तासभर पडायचं होतं, इथे दोन तास.

तो एक दिवस. दुसऱ्या दिवशी मी शाल ओढतोय तेवढ्यात दार उघडून मालन आत, कमरेवर टोपली. "एकच ठेवते. ओटीवर उमलतायत." आता मी काय नाही म्हणणार होतो? कुठल्या तोंडाने? म्हटलं, "ठेव की, कोपऱ्यात ठेव." तिने ठेवली. चारला काढली. एकही कळी उमलली नव्हती. तिने त्यातली एक उचलून दोन बोटांत धरली, दाबून बघितली, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली. माझ्याकडे बघून नाही. एसीकडे बघून.

तिसऱ्या दिवशी तिच्या सगळ्या टोपल्या. चौथ्या दिवशी नरहरी. "चंदू, दोन टोपल्या टाकल्या रे तुझ्या पलंगाखाली, तुला काही त्रास नाही ना?" टाकल्यावर विचारतो. पाचव्या दिवशी मर्लिनबाय, तीच म्हशीवाली, चाफ्याचा हार ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन. "भाऊ, परवा संध्याकाळी क्रुसाकडे रोझरीची प्रार्थना आमच्या घरची आहे. हार तोपर्यंत ताजा राहिला पाहिजे. तुमच्याकडे ठेवते. मी तुमच्यासाठी पण प्रार्थना करीन." आता देवाच्या हाराला जागा नाही म्हणून मी कुठे जाऊ? हार ठेवला उशीवर. मी उशी सोडली. मग पलंगावर नरहरीच्या टोपल्या आल्या, कारण खाली लादीची ओल लागते म्हणे, मी पलंग सोडला. मी खाली आलो. मग माझ्या पायाशी टोपली, मग डोक्याशी टोपली, मग मी कुशीवर, मग गुडघे पोटाशी घेऊन. कूस बदलायची तर आधी मालनला हाक मारायची, ती येऊन एक टोपली उचलायची, मी वळायचो, ती परत ठेवायची. तरी मी पडलो हो. म्हटलं, असू दे. मला फक्त तासभर पडायचंय.

मग तो दिवस. चारला टेम्पो आला, नरहरीने टोपली उघडली. "वहिनी, माझ्या एका टोपलीत वरवरच्या कळ्या तोंड उघडायला लागल्यात. एसी चालू होता ना?"

मालन म्हणाली, "एसी चालू होता. पण आत बल्बपण चालू असतो."

"कुठला बल्ब?"

तिने फक्त बघितलं. माझ्याकडे. मग नरहरीने बघितलं. मर्लिनबाय हार न्यायला आली होती, तिला कोणीतरी सगळं समजावून सांगितलं, दुकानातला पोरगा काय म्हणाला, शंभरचा, झोपला तरी चालूच राहतो, आणि ती बाई एवढी भाविक, हातात क्रुसाचा हार, तोंडाला पदर लावून म्हणते, "मग काढून ठेवा की बाहेर."

मी म्हटलं, "अहो, माझी खोली आहे. माझ्या झोपेसाठी बांधलेली. फाईल आहे तिची."

"आहे ना फाईल," मालन म्हणाली. "बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाईल माझ्या चटईवर. दुधाचा गोल डाग पुसलेला. आत, माझ्या टिप्पणीच्या खाली, मालनच्या अक्षरात अभिप्राय. ही बाई नववीपर्यंत शिकलेली. ऐका, पाठ झालाय मला. 'सदर खोली मुळात फुलांची होती. ती थंड असल्यामुळे त्यांना दिली होती. मधल्या काळात ती गरम झाल्याने अर्जदारास मिळाली. आता ती पुन्हा थंड झाली आहे, सबब फुलांना परत द्यावी. अर्जदारास ओटी आहे. वारा आहे, सावली आहे.' खाली सही.

सबब. अहो, सबब! तेहतीस वर्षं मी संध्याकाळी घरी येऊन कचेरीतल्या भाषेत कुरकुरायचो, मला वाटायचं हिचं लक्ष भाजीच्या फोडणीत आहे. सगळं नोंदवून घेत होती. मी तो अभिप्राय तीनदा वाचला. चष्मा पुसून वाचला. त्रुटी काढायला गेलो, कारण त्रुटी काढणं हा माझा धंदा. तारीख होती, सही होती, मुद्देसूद होतं, मागच्या कागदाचा संदर्भसुद्धा होता, आणि तो मागचा कागद कोणाचा, तर माझाच. ओटी आहे, वारा आहे, सावली आहे. माझंच वाक्य, शब्द न शब्द. काय करणार? खाली लिहिलं, मान्य. सही केली. स्वतःच्या बदलीच्या हुकमावर स्वतः सही करणारा मी पहिलाच कारकून असेन.

तर म्हणून मी इथे. आत एसी आता अठरावर चालू असतो. रिमोट मालनच्या कमरेला, चाव्यांच्या जुडग्याबरोबर. काचेला तिने गोणपाट लावलंय, ओलं, त्या समुद्राच्या खिडकीला. परवा आत्माराम येऊन ओटीच्या पुढे झावळ्या टाकून गेला, "भाऊ, मानसाला बरं," म्हणाला, आणि खरं सांगू, वाईट नाही. वारा लागतो. कधीकधी डोळासुद्धा लागतो, पण लगेच कोणीतरी टोपली घेऊन येतं आणि विचारतं, "भाऊ, आत जागा आहे का?" मी आवक नोंदवतो आणि आत पाठवतो. वही केलीय त्याची. तुम्ही आलात तेव्हा मी तेच करत होतो.

आणि मजा विचारत होतात ना, तर एक राहिलं. एसीचा झोत सरळ अंगावर आला की कळीची कड सुकते. फडकं पातळ पडतं. मालनला वरून घालायला काहीतरी जाड हवं होतं, उबेचं नव्हे, झोत अडवणारं. चार दिवस शोधत होती. मग तिला कपाटात सापडलं.

म्हणजे साहेब निरोपाच्या भाषणात म्हणाले होते, आता गारव्यात निवांत पडावं, ते अगदीच खोटं ठरलं असं मी म्हणणार नाही. शाल पडली आहे.